माणसं सगळी कामाची, पण एका तासात (पेरणीच्या एका ओळीत) चालत नाहीत. काय करावं?

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितो आहे, पण वर्षभर मनातून जात नाही आणि नवा हंगाम तोंडावर आला आहे.

मी एका शेतकरी उत्पादक कंपनीत व्यवस्थापक आहे. कामावर आम्ही चौदा जण. मी, मालाची प्रत नि ओलावा तपासणारे दोन ग्रेडर, संगणकावर नोंदणी करणारी मुलगी, हिशेबनीस, गोदाम सांभाळणारा, गावोगाव फिरणारे दोन समन्वयक आणि सहा हमाल. एकही माणूस कामचुकार नाही, हे आधीच सांगतो.

२०२४ चा सोयाबीन हंगाम आठवा. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. त्यामुळे आमच्या हमीभाव खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरची रांग डांबरी रस्त्यापर्यंत. परतीच्या पावसानं माल ओला, आणि ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. नोव्हेंबरच्या मध्यात केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती ती १५ टक्के केली. बातमी चांगली होती, पण आमच्याकडे ती चार तुकड्यांत पोचली. शेतकऱ्यांनी रात्री टीव्हीवर ऐकली. समन्वयकांनी सकाळीच गावात सांगून टाकलं, आणा माल. एका ग्रेडरनं म्हटलं, लेखी आदेश नाही तोवर मी १२ च्या वर घेणार नाही. दुसऱ्यानं १४ चा माल घेतला. ज्या गोदामात आम्ही माल जमा करतो तिथल्या माणसाकडे पत्रच नव्हतं, त्यानं ट्रक परत पाठवला. हमालांनी तीच पोती दोनदा चढवली, दोनदा उतरवली, आणि दुसऱ्या वेळचा पैसा कोणी द्यायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. एक म्हातारे शेतकरी दोन रात्री ट्रॉलीखाली झोपले. तिसऱ्या दिवशी हमाल आलेच नाहीत.

मी प्रत्येकाशी वेगळं बोललो. आपापल्या जागी प्रत्येक जण बरोबर होता! मग मीटिंग घेतली. सगळे हो हो म्हणाले, चहा पिऊन गेले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. काही संचालकांचं म्हणणं आहे की ग्रेडर बदला. मला ते पटत नाही. यंदा, २०२५ ला, हमीभाव ५,३२८ आहे, गर्दी कमी होणार नाही. तुम्ही आपापल्या कामाच्या जागी माणसं एका तासात कशी आणता? अनुभव सांगा.

पऱ्हाटी

भाऊ, पयले हे सांगा, ह्या चौदा जनाईनं एका जागी बसून शेवटचं जेवन कवा केलं?

धुऱ्यावरचा

पऱ्हाटीभाऊ, खरं सांगतो, कधीच नाही. लक्ष्मीपूजनाला पेढे वाटले तेवढेच.

पुण्यातला वाशीमकर

मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मूळचा रिसोडकडचा. आमच्याकडे रोज सकाळी पंधरा मिनिटं सगळे उभ्यानं बोलतात. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं आहे, एवढंच. उभ्यानं यासाठी की बसलं की गप्पा लांबतात. दुसरं, तीन महिन्यांचं ध्येय एका ओळीत भिंतीवर लिहिलेलं असतं. आम्हा नऊ जणांत चार राज्यांची माणसं आहेत, तरी याच्यामुळे गाडी चालते. तुमच्याकडे सकाळी वजनकाटा सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं काढून बघा.

सरकी-रुई (हिंगणघाटकडे)

वाशीमकर, राग मानू नका, पण मी वीस वर्षं जिनिंगमध्ये काढली आहेत आणि मीटिंगनं माणसं जुळताना मला दिसली नाहीत. माणसं हिशेबानं जुळतात.

आमचंच सांगतो. ढिगावरून कपास रेच्यात जाते, रुई नि सरकी वेगळी होते, रुई प्रेसवर जाते, १७० किलोची गठाण बांधली जाते. क्विंटलभर कपाशीतून साधारण ३४ किलो रुई धरा, म्हणजे एका गठाणीमागे पाच क्विंटल कपास लागते. आता ढिगावरच्या माणसाला किती कपास आत टाकली यावर पैसे. कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचणाऱ्या बायांना रोजानं पैसे. प्रेसवाल्या टोळीला गठाणीमागे पैसे. फिटरला महिन्याचा पगार. अशा ठिकाणी ढिगावरचा माणूस ओली कपास, कवडी, पालापाचोळा सगळंच एकदम ढकलणार, कारण त्याचं पोट ढकलण्यावर आहे. वेचणाऱ्या बाईनं थांब म्हटलं तर तो थांबणार कशाला? ओल्या कपाशीनं सरकी फुटते, रुईत तुकडे जातात, गठाणीचा भाव पडतो, आणि मालक ओरडतो फिटरवर. मी फिटर होतो. ओरडा मी खाल्ला आहे.

एका हंगामात आमच्या मुकादमानं एकच गोष्ट बदलली. पाळीतल्या सगळ्या माणसांना, ढिगावरच्यापासून प्रेसपर्यंत, चांगल्या उतरलेल्या गठाणीमागे थोडा जास्तीचा पैसा, सगळ्यांना सारखा. वेचणाऱ्या बायांनाही. आठ दिवसांत ढिगावरचा माणूस स्वतःच बायांना विचारायला लागला, बाई, हा ढीग आज टाकू का उन्हात पसरू? कोणी त्याला भाषण दिलं नव्हतं.

तेव्हा धुऱ्यावरचे साहेब, तुमचे हमाल पोत्यामागे पैसे घेतात, ग्रेडर पगार घेतो, आणि समन्वयकाचं काम किती शेतकरी आणले यावर मोजलं जातं, असं मी समजतो. बरोबर आहे का?

धुऱ्यावरचा

अगदी बरोबर. समन्वयकांना आम्ही नोंदणीचा आकडा दिलेला आहे. तुम्ही लिहीपर्यंत मला हे दिसलंच नव्हतं.

तिफण

माझं वय ७१. माझ्याकडे ऑफिस नाही, वावर आहे.

आमच्या काळी पेरणीला तिफण धरणारा एक, बैल हाकलणारा कधी तोच कधी दुसरा, चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ सोडणारी बाई, आणि मागं सरत्यातून तूर सोडणारी आणखी एक बाई. चौघांचे पाय एका चालीत पडले तरच पेरा सारखा येतो. बैल जोरात निघाला आणि मूठ हळू पडली की तासात खांडी पडतात, मग दहा दिवसांनी सारा गाव पाहतो. पण सांगण्याजोगी गोष्ट अशी की चाल ठरवायची मुठीवालीनं. बैलवाल्यानं नाही, मालकानंही नाही. माझी माय चाड्यावर असे, नि ती म्हणे, "जरा धीरानं हाका." माझा बाप मोठा तापट माणूस, पण तिथं एक शब्द बोलत नसे. बी तिच्या हातात होतं ना.

तुमच्या केंद्रावर बी कोणाच्या हातात आहे ते पाहा. मला तर वाटतं ग्रेडरच्या. आणि त्याची चाल इतर सगळे ठरवून राहिले.

पऱ्हाटी

बाबा, तुमी लिवत जा. मन भरून आलं.

इरजिकीचंबी सांगा न पोराईले. आता कोनाले ठाऊक नाई.

तिफण

इरजिक म्हणजे एकाचं वावर मागं राहिलं, आजारपण आलं, बैल मेला, की गावातले दहा-पंधरा जण आपापली बैलजोडी घेऊन एकाच दिवशी त्याच्या वावरात उतरत. दिवसात नांगरून मोकळं. पैसा नाही. रात्रीचं जेवण त्याच्या घरी. पण लोक समजतात तसं ते नुसतं प्रेम नव्हतं. कोणाच्या वावरात कोण आलं होतं हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असे, आणि न येणाऱ्याच्या वावरात कोणी जात नसे. आठवण हाच त्याचा कागद होता.

डोंगरवाट (मेळघाट)

मी आरोग्य खात्यात पर्यवेक्षिका म्हणून बरीच वर्षं धारणी-चिखलदरा भागात काम केलं. धुऱ्यावरचे यांनी लिहिलेलं "प्रत्येक जण बरोबर होता" हे वाक्य वाचून हात थांबला, म्हणून लिहिते.

गावपातळीवर आमच्या तीन बाया असतात. आशाताई, उपकेंद्राची नर्सबाई आणि अंगणवाडी सेविका. आदिवासी भागात एक उपकेंद्र ३,००० लोकसंख्येमागे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र २०,००० मागे असं प्रमाण धरलेलं आहे, पण त्या ३,००० लोकांचे ढाणे, म्हणजे वस्त्या, डोंगरभर पसरलेले असतात. नर्सबाई आणि आशा एका खात्याच्या, सेविका दुसऱ्या खात्याची. तिघींची रजिस्टरं वेगळी, तिघींना विचारणारे साहेब वेगळे. सेविका वजनाची यादी ठेवते, नर्सबाई लसीकरणाची, आशा घरभेटीची.

एका ढाण्यावर एक बाळ होतं, सात-आठ महिन्यांचं. आईबाप दिवाळीनंतर कामासाठी बाहेर गेले, होळीला परत आले. सेविकेनं "स्थलांतरित" लिहून नाव खाली ठेवलं होतं. नर्सबाईला वाटलं, तिकडच्या गावात लस झाली असेल. आशाताईला वाटलं, सेविकेकडे वजन झालंच असेल. बाळ गावात येऊन तीन आठवडे झाले होते आणि तिघींपैकी कोणीच त्याला पाहिलं नव्हतं. मी पाहिलं तेव्हा ते हाताला काडीसारखं लागत होतं. ते वाचलं, आज शाळेत जातं. पण त्या दिवशी मी तिघींवर ओरडले, आणि ते चुकलं हे मला घरी आल्यावर कळलं. चूक त्यांच्यातल्या एकीचीही नव्हती. तीन याद्यांच्या मधली जी फट असते, तिच्यात ते बाळ पडलं होतं.

त्यानंतर आम्ही दर महिन्याच्या आरोग्य-पोषण दिवसाच्या आदल्या दुपारी अंगणवाडीच्या ओट्यावर बसायला लागलो. खडूनं जमिनीवर ढाण्याचा नकाशा काढायचा, घर म्हणजे एक चौकोन. तिघींनी आपापली रजिस्टरं उघडायची आणि घर-घर बोलत जायचं. एखाद्या घराबद्दल तिघी गप्प राहिल्या की तिथं तांबडा खडा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी तांबड्या खड्याचं घर. एवढंच केलं. नवा कागद काढला नाही, वरची परवानगी मागितली नाही. काही दिवसांनी कोरकू बाया स्वतः येऊन नकाशा पाहायला लागल्या आणि सांगायला लागल्या, हे घर आता रिकामं, ते लोक परवा येणार. ती माहिती आमच्यापैकी कोणाकडेच नसायची.

धुऱ्यावरचे, तुमची पोती दोनदा चढली, कारण तीही अशीच फटीत पडली. तुमची फट शोधा.

पुण्यातला वाशीमकर

ताई, हे वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून होतो. आमच्या पंधरा मिनिटांत प्रत्येक जण आपलं सांगतो. कशाबद्दल सगळे गप्प आहेत हे आम्ही कधीच विचारत नाही. सोमवारी विचारणार आहे.

मोहफूल (गडचिरोली)

आमच्या जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) गाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, धानोरा तालुक्यातलं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. देशात अशी सुरुवात करणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक.

लोक हक्काबद्दल बोलतात, मी पद्धतीबद्दल बोलतो. तिथं ग्रामसभेचा निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. आणि निर्णयाच्या आधी अभ्यास गट बसतो, ज्यात विषय नुसता समजून घ्यायचा, ठरवायचं काहीच नाही. हे दोन वेगळे ठेवले म्हणून माणूस मोकळेपणानं "मला समजलं नाही" म्हणू शकतो. आपल्या कंपन्यांत मीटिंगमध्येच समजायचं असतं आणि तिथंच हो म्हणायचं असतं. मग लोक हो म्हणतात आणि चहा पिऊन जातात. धुऱ्यावरचेंच्या मीटिंगचं तेच झालं.

काळी माती

मोहफूल, मेंढ्याबद्दल मलाही आदर आहे, पण खरेदी केंद्रावर सर्वसहमती कशी चालेल? ट्रॅक्टरवाला उन्हात उभा आहे, त्याला काय सांगायचं, पुढच्या सभेत ठरवू? ओलावा किती हे यंत्र सांगतं, सभा नाही. मी स्वतः एका अशाच कंपनीत संचालक आहे. माझा अनुभव असा की दहा जणांना विचारत बसलं की जबाबदारी कोणाचीच राहत नाही. एकानं ठरवावं, बाकीच्यांनी पाळावं.

मोहफूल

काळी माती, तुमचं अर्धं मान्य. फाटकावर सभा नको. पण ओलाव्याचा नियम मधेच बदलला तर कोणाच्या सांगण्यावरून नवा नियम धरायचा, परत आलेल्या ट्रकचा खर्च कोणी सोसायचा, ग्रेडरनं नाही म्हटल्यावर त्याच्यावर कोणी दबाव आणायचा नाही, हे सगळं हंगामाच्या आधी बसून ठरवता येतं. ते सगळ्यांच्या संमतीनं ठरवा. मग फाटकावर एकच माणूस बोलेल आणि बाकीचे त्याला धरून राहतील, कारण ते त्यांनीच ठरवलेलं असेल.

आणि दबावाचं म्हणाल तर, संचालकांचा फोन ग्रेडरला येतो की नाही, हे आपण दोघंही जाणतो.

काळी माती

येतो. मीही केलेला आहे. माझ्या साडूचा माल होता. १३ च्या वर होता.

तुम्ही विचारलं म्हणून रात्रभर डोक्यात राहिलं. त्या ग्रेडरनं माझं ऐकलं आणि त्याच दिवशी मागच्या एका गरीब माणसाचा तेवढ्याच ओलाव्याचा माल परत केला. नंतर हमाल त्या ग्रेडरला "दोन मापाचा" म्हणायला लागले. तेव्हा मला वाटलं, हमाल माजले. आज वाटतं, तो चमू मी मोडला.

डोंगरवाट

काळी माती दादा, हे इतक्या जणांसमोर लिहिलंत, तुम्हाला मनापासून नमस्कार.

संत्र्याचा बहार (वरूड)

२०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा राज्यात तीनच तालुके होते, कोरेगाव, अंबाजोगाई आणि आमचं वरूड. मी श्रमदानाला होतो. गावात दोन गट, एकमेकांच्या दारात न जाणारे. सुरुवातीला चर खोदताना रोज भांडण. हा म्हणे समपातळी इथून जाते, तो म्हणे तिथून.

भांडण मिटलं ते ए-फ्रेमनं. तीन बांबू, एक दोरी, एक दगड, बस्स. इंग्रजी ए सारखा सांगाडा, दोरीला लटकलेला दगड मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीवर. आठवीतली पोरगीही ते धरून चालू शकते. मग कोणाचा काका सरपंच आहे याला अर्थ उरला नाही, दगड कुठं थांबला ते सगळे वाकून पाहत. एकमेकांवर विश्वास नसलेली माणसं त्या दगडावर विश्वास ठेवायला लागली, आणि दोन आठवड्यांनी एकाच डब्यातून जेवायला लागली.

धुऱ्यावरचे, म्हणून साधा प्रश्न. तुमच्या दोन ग्रेडरांची ओलावा मोजायची यंत्रं दोन आहेत ना? एकाच पोत्यातला माल दोन्हींत टाकून कधी पाहिलं का? आणि गोदामवाल्याच्या यंत्रात?

सरकी-रुई

बहार, लाखमोलाचं विचारलं. कपाशीतही तेच. सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, खरेदी ८ ते १२ टक्के ओलाव्यात होते आणि तिथं ओलाव्याप्रमाणे भाव हलतो. यंत्र प्रत्येक पिकाला वेगळं लावावं लागतं. हरभऱ्यावर ठेवलेलं यंत्र सोयाबीनला भलताच आकडा दाखवणार. दाणा उन्हातून नुकताच आला असेल तर तोही फरक पडतो.

पऱ्हाटी

मले वाटलं धागा जेवनावर चालला, हा तं यंत्रावर गेला. असू द्या. पन माह्यं म्हननं सोडत नाई. परवाच पोया झाला. आदल्या दिवशी आपन बैलाची खांदशेकनी करतो, तूप-हयद लावून खांदा मयतो, उद्या जेवाले या म्हनून आवतन देतो. वर्षभर जू त्यानंच ओढलं हे आपल्याले मालूम असते. त्या सहा हमालाईच्या खांद्यावर हजारो पोते गेले. त्याईले आवतन कोनं देल्लं? एक दिवस रोडगे करा भाऊ. गोवऱ्या पेटवा, वांग्याची भाजी करा, सारे चौदा बसा. संचालकाईनं वाढाचं.

बचतगटवाली (बुलडाणा)

रोडग्यांना माझा पाठिंबा! मात्र पऱ्हाटीदादा, वांगी कोण चिरणार ते आधीच ठरवा, नाहीतर त्या संगणकावरच्या एकट्या मुलीवर सगळं येईल.

आता मूळ प्रश्नाकडे. आमच्या गटाला अकरा वर्षं झाली. पंचसूत्री तुम्हाला ठाऊक असेल, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. लोकांना वाटतं बचत हे मुख्य. माझ्या मते लेखे हे मुख्य, आणि तेही वाचून दाखवणं. आमच्या बारा जणींत पाच जणींना वाचता येत नाही. दर बैठकीला मागचं सगळं मोठ्यानं वाचतो, कोणाकडे किती बाकी, काय ठरलं होतं, कोण करणार होतं. एकदा सचिव आजारी होती म्हणून दोन महिने वाचन राहिलं. त्या दोन महिन्यांत जेवढे गैरसमज झाले तेवढे दहा वर्षांत झाले नव्हते. पैसा एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता, तरी!

तर माझा प्रश्न. ओलाव्याची ती बातमी तुमच्या चमूत कशी सांगितली? व्हॉट्सअॅपवर टाकली असेल, तर हमालांपैकी किती जण त्या ग्रुपवर आहेत?

वैनगंगाकाठ (भंडारा)

आमच्याकडे धान खरेदी जी. ओलाव्याची मर्यादा १७ टक्के, ४० किलोचा कट्टा. आमच्या केंद्रावर फाटकालाच काळा फळा टांगला आहे. त्याच्यावर चारच गोष्टी. आजचा नियम, तो कोणी सांगितला, किती वाजता आला, आणि गोदामवाल्याला कळवून त्याचा हो आला का. चौथी गोष्ट कोरी असली की फळ्यावर नियम बदलत नाही, मग टीव्ही काही म्हणो. पहिल्या वर्षी शेतकरी चिडले जी. दुसऱ्या वर्षीपासून तेच फाटकावर येऊन आधी फळा वाचतात नि न वाचणाऱ्याला वाचून दाखवतात. फळा पुसायचा हक्क फक्त ग्रेडरला. संचालकाला नाही जी.

काळी माती

फळ्याचं मी आमच्या पुढच्या बैठकीत मांडतो. पुसायचा हक्क ग्रेडरलाच, हेही.

धुऱ्यावरचा

मंडळी, बारा दिवस गप्प होतो, कारण तुम्ही सांगितलेलं करून पाहत होतो. एकेक सांगतो.

बहार यांचा प्रश्न आधी. बियाण्यासाठी राखून ठेवलेल्या सोयाबीनचं एक पोतं शिल्लक होतं. त्यातला माल दोन्ही यंत्रांत टाकला. एक ११.२ म्हणालं, दुसरं १२.६. दोन्ही ग्रेडर समोर उभे होते. कोणी काही बोललं नाही. मग ज्याला लोक "अडेलतट्टू" म्हणायचे तो दुसऱ्याला म्हणाला, "म्हणजे तू खोटं बोलत नव्हतास." मी तिथून बाजूला झालो, मला बोलता येईना. वर्षभर दोघांमधून विस्तव जात नव्हता. एकाला वाटायचं दुसरा पैसे खातो, दुसऱ्याला वाटायचं हा मुद्दाम शेतकऱ्याला छळतो. दोघंही आपापल्या यंत्राशी इमानदार होते.

बचतगटवाली ताई, सहा हमालांपैकी ग्रुपवर एकही नाही. दोघांकडेच स्मार्टफोन आहे. मी वर्षभर "सगळ्यांना कळवलं आहे" असं म्हणत होतो. पोती ज्यांच्या खांद्यावर, त्यांनाच सोडून!

डोंगरवाट ताईंचा नकाशा आम्ही पोत्यासाठी केला. जमिनीवर खडूनं वावरापासून गोदामापर्यंतचा रस्ता काढला. नोंदणी, मेसेज, फाटक, चाळणी, ओलावा, काटा, शिवण, ट्रक, गोदाम, पावती, शेतकऱ्याच्या खात्यात पैसा. प्रत्येक ठिकाणी विचारलं, इथं पोतं अडलं तर कोण बोलणार? तीन ठिकाणी सगळे गप्प राहिले. तिथं तांबडे खडे ठेवले. सगळ्यात मोठा खडा ट्रक आणि गोदामाच्या मधे. हा शोध लावला आमच्या सर्वात वयस्क हमालानं. तो म्हणाला, "साहेब, गोदामातला तो माणूस दुपारी जेवाले गेला का तीन वाजेपर्यंत ट्रकले हात लावत नाई. तुमी ट्रक बाराले काहून धाडता?" हे त्याला चार वर्षांपासून माहीत होतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आता पहिला ट्रक आठला निघणार.

सरकी-रुई साहेब, तुमचं काम सर्वात अवघड निघालं. समन्वयकांचा नोंदणीचा आकडा काढून टाकला. आता त्यांचं काम मोजायचं ते पहिल्या फेरीत पास झालेल्या मालावर. म्हणजे गावातच ओलावा पाहून, ताडपत्रीवर वाळवायला सांगून मग आणायचं. हमालांचं मात्र अजून ठरत नाही. परत आलेल्या ट्रकची हमाली कंपनीनं द्यावी असं मी मांडलं. चार संचालक हो म्हणाले, तिघं म्हणाले विचार करू, तिघं विरोधात. मोहफूल यांचं ऐकून मी मतदान घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात हिशेबनीस नुसते आकडे समजावून सांगणार आहे, ठरवायचं नाही.

तिफण

मतदान घेतलं नाहीस हे बरं केलंस, बाळा. विरोधातल्या त्या तिघांना एक दिवस केंद्रावर बसव. पोतं चढताना पाहू दे.

सरकी-रुई

आणि हिशेबनिसाला सांगा, हमाल एक दिवस आले नाहीत तेव्हा किती ट्रॅक्टर उभे राहिले आणि किती लोक दुसरीकडे माल घेऊन गेले, तो आकडाही समोर ठेवा. हमालीचा खर्च त्याच्यापुढे फार लहान निघेल, असा माझा अंदाज.

संत्र्याचा बहार

यंत्राचं काय केलं? कोणतं खरं धरायचं?

धुऱ्यावरचा

दोन्ही यंत्रं मंगळवारी तपासणीला घेऊन जातो आहे. तोच माल पिशवीत बांधून प्रयोगशाळेतही देणार, तिथं भट्टीत वाळवून ओलावा काढतात, त्याच्याशी दोन्ही यंत्रं जुळवून पाहू. दोन्ही ग्रेडर सोबत येतो म्हणाले आहेत, एकाच गाडीवर. गोदामवाल्यालाही फोन केला. तो म्हणाला, माझंही यंत्र घेऊन येतो.

फळा आणला आहे, अजून टांगायचा आहे. पुसणं संगणकावरच्या मुलीनं शिवून दिलं.

पऱ्हाटीभाऊ, रोडगे रविवारी आहेत. वांगी संचालक चिरणार, हे ठरावात लिहून घेतलं. हमालांना आवतन द्यायला मी स्वतः घरोघर जाऊन आलो. ते सर्वात वयस्क हमाल विचारत होते, गोवऱ्या आणू का घरून? त्यांना म्हटलं, तुम्ही नुसते या.

पऱ्हाटी

येतो म्हना मीबी. दारव्ह्याहून किती लांब पडते?